शाळेत इस्लामची माहिती कशाला?

हा सवाल मला पुष्कळजण करतात.

आपलं धर्माबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. वरच्या वर्गांत शिकवणं उर्दूत चाले. दप्तर, कागद, हजेरी हे शब्द अरबी-फारसीतून आले नि मराठीच झाले. शेजारच्या घरातला रोजा मात्र आपल्या पोरांना ठाऊक नाही!

सरकारी शाळेत धर्माचे शिक्षण देऊ नये, असे घटनेचे २८ वे कलम सांगते. ते योग्यच. पण धर्माची माहिती सांगायला त्यात मनाई नाही. रमजान महिना चंद्रावर चालतो. म्हणून तो दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, कधी ऐन उन्हाळ्यात. रोजा धरलेला मुलगा पाणीसुद्धा पीत नाही. खेळाच्या तासाला तो सावलीत का बसला, हे गुरुजींनी वर्गात सांगावे. नाहीतर पोरे त्याला हसतात.

आज घरी विचारून पाहा, रोजा केव्हा सुटतो? सूर्य मावळल्यावर, हे किती पोरांना येते?