थोरियम आणि वितळलेल्या क्षारांची अणुभट्टी
(कोलकाता येथील व्याख्यानाचा मजकूर)



बीरभूम जिल्ह्यातील बक्रेश्वरच्या उष्ण झऱ्यांतून वायूचे बुडबुडे सतत वर येत असतात. त्यांतील हेलियम गोळा करण्याचे काम कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे केले. भूगर्भातील युरेनियम व थोरियम यांच्या क्षयातून हा वायू जन्मतो. हा क्षय अतिशय संथ आहे. थोरियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १,४०५ कोटी वर्षे भरतो.

हेच थोरियम केरळपासून ओडिशापर्यंतच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत विपुल आहे. युरेनियमचे साठे मात्र आपल्याकडे तुटपुंजे. म्हणूनच डॉ. होमी भाभा यांनी १९५४ मध्ये त्रिस्तरीय अणुऊर्जा कार्यक्रमाची मांडणी केली. थोरियम ओल्या लाकडासारखे आहे. दुसऱ्या आगीची धग लागल्याशिवाय ते पेटत नाही. न्यूट्रॉन शोषल्यावर त्याचे प्रथम प्रोटॅक्टिनियम होते आणि सुमारे २७ दिवसांच्या अर्धायुष्यकालाने त्यातून विखंडनक्षम युरेनियम-२३३ तयार होते. या इंधनावर चालणारी ‘कामिनी’ ही कल्पाक्कमची ३० किलोवॅटची लहान संशोधन भट्टी १९९६ मध्ये क्रांतिक झाली.

प्रचलित भट्टीत इंधन घन कांड्यांत बंदिस्त असते. वितळलेल्या क्षारांच्या भट्टीत ते फ्लोराइड क्षारांत विरघळलेले असते आणि तेच द्रव उष्णताही वाहून नेते. त्यामुळे भट्टी वातावरणाच्या जवळपासच्या दाबावर चालते. उच्च दाबाचे पाणी सांभाळावे लागत नाही. तळाशी गोठवलेल्या क्षाराचे बूच ठेवतात. वीज गेली की ते वितळते आणि इंधन खालच्या टाकीत ओघळून निवते. शिवाय भट्टी न थांबवता प्रोटॅक्टिनियम वेगळे काढण्याची सोय, निदान तत्त्वतः, होते. घन इंधनात ही सोय नाही.

अमेरिकेतील ओक रिज येथे अशी प्रायोगिक भट्टी १९६५ ते १९६९ या काळात चालली आणि १९६८ पासून ती युरेनियम-२३३ वर चालवली गेली. तिच्यात थोरियम मात्र कधीच घातले गेले नव्हते, हे उत्साहाच्या भरात बरेचदा विसरले जाते. चीनने गान्सू प्रांतातील २ मेगावॅट औष्णिक क्षमतेची भट्टी २०२३ मध्ये क्रांतिक केली व २०२४ मध्ये तिच्यात थोरियम घातले. भाभा अणुसंशोधन केंद्रानेही भारतीय वितळक्षार प्रजनक भट्टीचा संकल्पनात्मक आराखडा तयार केला आहे.

अडचणी किरकोळ नाहीत. तप्त क्षार धातू पोखरतात. युरेनियम-२३३ सोबत येणाऱ्या युरेनियम-२३२ च्या क्षयमालिकेतून तीव्र गॅमा किरण बाहेर पडतात. ते इंधन हाताळणे जिकिरीचे. आणि मुख्य म्हणजे ही भट्टीही पहिल्या आगीवाचून पेटत नाही. ती आग म्हणजे प्लुटोनियम किंवा समृद्ध युरेनियम. प्लुटोनियमचा साठा वाढवण्याचा भारतीय मार्ग कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅट जलद प्रजनक भट्टीतून जातो. तिचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले; गाभा भरण्यास प्रारंभ झाला तो मार्च २०२४ मध्ये.