दोन ओरेंचे तिकीट



शाळेत असताना आपल्यापैकी अनेकांनी गांधी जयंतीच्या सुमारास क्षयरोग निवारणाची तिकिटे विकली असतील. ह्या तिकिटांचे मूळ डेन्मार्कच्या टपालखात्यात आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

१९०३ च्या नाताळात आयनार होल्बोल हे टपाल कर्मचारी शुभेच्छापत्रांच्या राशी हाताळीत होते. प्रत्येक पाकिटावर एक जादा तिकीट लागले तर आजारी मुलांसाठी केवढा निधी उभा राहील, असा विचार त्यांच्या मनात आला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच काय तो उपचार, आणि गरिबाच्या मुलास नेमका तोच दुर्लभ! राजे नववे ख्रिश्चन यांनी अनुमती दिली. १९०४ च्या डिसेंबरात दिवंगत राणी लुईझ यांचे चित्र असलेले तिकीट दोन ओरेंना विक्रीस आले. देशाची लोकसंख्या सुमारे पंचवीस लाख. तिकिटे खपली चाळीस लाखांहून अधिक. त्याने टपालखर्च भागत नसे. देणगीची खूण, एवढेच त्याचे मोल. ह्या पैशांतून पुढे कोल्डिंग येथे क्षयग्रस्त मुलांसाठी आरोग्यधाम उभे राहिले.

मूळचे डॅनिश असलेले पत्रकार जेकब रीस यांच्या लेखावरून स्फूर्ती घेऊन १९०७ मध्ये एमिली बिसेल यांनी अमेरिकेत विल्मिंग्टन येथे हाच प्रयोग केला. हवे होते तीनशे डॉलर, जमले सुमारे तीन हजार.

आपल्याकडे भारतीय क्षयरोग संघ १९३९ साली स्थापन झाला, आणि १९५० पासून तिकिटांची मोहीम सुरू झाली. उमेदवारीच्या काळात एका कार्यालयात मी पाहिले आहे : तिकिटांचे गठ्ठे 'उद्दिष्ट' म्हणून वाटले गेले, कनिष्ठांनी पदरचे पैसे भरले आणि तिकिटे खणातच राहिली. रक्कम पुरी झाली खरी. पण क्षयाविषयी एक अक्षरही कोणाच्या घरी पोहोचले नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही आपल्या देशात आहे, म्हणून ती गोष्ट अधिक बोचते.

डेन्मार्कमध्ये क्षय ओसरला, तरी तिकीट राहिले. त्याच्या निधीवर चालणाऱ्या बालगृहांत आता एकटेपणाने, सोबत्यांच्या छळाने वा लठ्ठपणाने खचलेली मुले सुमारे दहा आठवडे राहतात. २०२५ च्या अखेरीस तेथील जुन्या टपालसंस्थेने पत्रे वाटणे बंद केले. बालगृहांची दारे मात्र उघडी आहेत.