रायफल पोरीच्या मापाची हवी

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, बचत गटाच्या ताईला बंदुकीचं काय पडलंय? पण आपल्या गटांच्या बैठकीत शेळी, पिठाची गिरणी आणि शिलाई मशीन यांच्या जोडीला आता एक नवी मागणी यायला लागली आहे. "पोरगी नेमबाजीला जाते. तिला स्वतःची एअर रायफल घ्यायचीय. गटातून कर्ज मिळेल का?" लगेच दुसरी म्हणते, "पोरीच्या जातीला बंदूक कशाला?" तिसरी म्हणते, "एवढं कर्ज काढून दोन वर्षांत तिनं खेळ सोडला तर?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोल्हापूरनं केव्हाच दिलंय. तिथल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या. तिथल्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आला. तेव्हा हा खेळ आपला नाही, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

दुसरा प्रश्न मात्र खरा आहे. मुली खेळ का सोडतात, हे मी रेंजवरच्या प्रशिक्षक ताईंना विचारलं. त्यांनी पैशाचं कारण सांगितलंच, पण दुसरंही एक सांगितलं. रायफल अंगाला बसत नाही. कंबर दुखते, मान आखडते, गुण वाढत नाहीत. मग पोरगी म्हणते, "मला जमतच नाही." खरं तर रायफल तिच्या मापाला लावलेलीच नसते.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. आपल्या मुली बहुतेक १० मीटर एअर रायफल खेळतात. त्यात दारू नसते. दाबलेल्या हवेनं ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. समोरच्या निशाणात दहा गुणांचा ठिपका असतो अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीचं टोक टेकवावं तेवढा. सव्वा तासात ६० वेळा नेम धरायचा, तोही उभ्यानं. रायफलीचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. एवढं वजन ६० वेळा उचलून स्थिर धरायचं, तर ते ताकदीनं पेलून चालत नाही. ते हाडांवर तोललं गेलं पाहिजे. म्हणूनच मापाला एवढं महत्त्व.

तयार ब्लाउज आणला तर आपण काय करतो? खांद्याला टिप मारतो, बगलेत थोडं सोडवतो. अंग ब्लाउजात कोंबत नाही. स्पर्धेची रायफलही तशीच केलेली असते. तिच्या दस्त्याचे भाग वरखाली, पुढेमागे सरकतात. त्याला लागते एक षटकोनी चावी, तिला एलन की म्हणतात. पण पुष्कळ ठिकाणी क्लबच्या एकाच रायफलीवर चार-पाच जण सराव करतात आणि आधीच्या उंच मुलानं लावलेल्या मापातच आपली पोरगी उभी राहते. ते माप बदलता येतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता क्रमानं बघू. सगळ्यात आधी खांद्याला टेकणारा भाग, म्हणजे बट प्लेट. डोकं सरळ राहिलं पाहिजे आणि रायफल डोळ्यापर्यंत वर आली पाहिजे. डोकं खाली वाकवावं लागत असेल तर बट प्लेटची उंची चुकली आहे. दस्त्याची लांबीही बघायची. हात आखूड असतील तर ती कमी करायची. मग गालाखालचा भाग. गाल सहज टेकला की डोळा आपोआप मागच्या बारीक भोकासमोर यायला हवा. मान ताणून डोळा तिथे न्यावा लागत असेल तर तो भाग हलवायचा.

त्यानंतर डाव्या हाताखालचा आधार. उजव्या हाताची मुलगी असेल तर तिचं डावं कोपर कमरेच्या हाडाला किंवा बरगडीला टेकतं आणि वजन तिथून पायांत उतरतं. धड लांब आणि हात आखूड असतील तर कोपर कमरेपर्यंत पोचत नाही. मग नुसत्या दंडानं रायफल तोलली जाते आणि हात थरथरतो. रायफलीखाली एक उंचवटा लावून ही अडचण सुटते. शेवटी ट्रिगर. बोटाचं पहिलं पेर त्यावर येऊन सरळ मागे दाबलं गेलं पाहिजे. बोट आखूड असेल तर ट्रिगरचं पातं मागे सरकवता येतं.

माप बरोबर बसलं का, हे बघायची एक साधी रीत आहे. पोरीनं रायफल धरून नेम घ्यायचा, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास सोडायचे आणि डोळे उघडायचे. निशाण जागेवर असेल तर ठीक. बाजूला गेलं असेल तर आधी पाय थोडे फिरवायचे. वरखाली गेलं असेल तर आधाराची किंवा बट प्लेटची उंची बघायची. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो काही दिवस वापरून बघायचा. चार स्क्रू एकदम फिरवले तर कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं ते कळतच नाही.

आणि हे सगळं वहीत लिहायचं. भागांवर आकडे किंवा रेघा असतात. नसतील तर पट्टीनं मोजायचं. एका रायफलीवर पाच जणी असतील तर पाच वह्या. रेंजवर आल्यावर पहिली दहा मिनिटं आपलं माप लावायचं. याला एक रुपयाही लागत नाही.

इथे आयांसाठी एक खास गोष्ट. बारा ते पंधरा वर्षांत मुलीचं अंग झपाट्यानं बदलतं. उंची वाढते, छाती भरते, कमरेचा घेर बदलतो. जाड कॅनव्हासचं जॅकेट काचायला लागतं, बट प्लेट नको तिथे रुतते. पुरुष प्रशिक्षकाला हे सांगायला पोरगी लाजते. मग दुखणं सोसत राहते किंवा "मला कंटाळा आला" म्हणून घरी बसते. तिला आपण विचारायचं, "कुठे टोचतं? कुठे दुखतं?" आणि गरज पडली तर रेंजवर जाऊन सांगायचं, "सर, हिचं माप पुन्हा लावायला हवंय." यात लाजण्यासारखं काही नाही. दर तीन-चार महिन्यांनी हे बघावंच.

पिस्तूल खेळणाऱ्या मुलींचं थोडं वेगळं. तिथे सगळं मुठीवर आहे. मूठ लाकडाची असते आणि लहान, मध्यम, मोठी अशा मापांत, डाव्या-उजव्या हाताची वेगळी मिळते. हाताला जिथे टोचतं तिथे लाकूड कानशीनं घासतात, जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची लांबी भरतात. पण थोडं थोडं घासायचं. घासलेलं लाकूड परत येत नाही. मुठीचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये, असा नियम आहे. एअर पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या वर चालत नाही आणि ट्रिगर ५०० ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. स्पर्धेआधी हे तपासतात. म्हणून ट्रिगरच्या वजनाला घरी हात लावायचा नाही, ते काम जाणकाराचं.

तसंच, रायफलीचा जोर वाढवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला जास्त जोर लागत नाही. शिवाय ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही, पण जोर त्यापुढे गेला की परवान्याचा कायदा लागू होतो. पॉइंट टू-टू रायफलीला तर परवाना हवाच. खरेदीची पावती आणि ओळखपत्राची प्रत जपून ठेवा, आणि रायफल घेण्याआधी पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या.

आता देखभाल. मनू भाकर आठवते ना? २०२१ मध्ये टोकियोत ऐन पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलात बिघाड झाला. ते ठीक करून परत नेम धरेपर्यंत जवळपास २० मिनिटं गेली. ती ५७५ गुणांवर थांबली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली. बिघाड कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो. पण स्क्रू ढिला राहिल्यानं होणारा बिघाड आपण नक्की टाळू शकतो.

सराव झाला की घाम पुसायचा. घामातल्या मिठानं लोखंडाला गंज चढतो. मऊ कापडाला नावापुरतं तेल लावून धातूचा भाग पुसायचा. शिलाई मशीनला तेल जास्त झालं की कापडावर डाग पडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. इथेही जास्त तेल म्हणजे त्रासच, आणि नळीच्या आत तर ओतायचंच नाही. नळी साफ करायला फेल्टच्या छोट्या गुंडाळ्या मिळतात, त्या मागून पुढे न्यायच्या. तोंडाकडून लोखंडी गज घालायचा नाही. नळीच्या तोंडाची कड दुखावली की छर्रा भरकटतो.

आठवड्यातून एकदा सगळे स्क्रू हातानं तपासायचे. नेम धरायची चकती ढिली झाली की छर्रे इकडेतिकडे जातात आणि पोरगी आपल्या हाताला दोष देत रडते. गुण अचानक पडले तर आधी स्क्रू बघा, मग पोरीला बोला. पावसाळ्यात पेटीतला फोम ओल धरतो. घरी आल्यावर रायफल बाहेर काढून पुसायची, पेटी वाळवायची, ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या.

हवेच्या सिलिंडरबाबत अजिबात हयगय नको. त्यात साधारण २०० बार दाबाची हवा असते. तो उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही, घरी उघडायचा नाही, त्याच्या तोंडाला तेल लावायचं नाही. त्यात फक्त कोरडी हवा भरायची. ऑक्सिजन कधीच नाही, स्फोट होऊ शकतो. आपल्या गॅसच्या टाकीवर तपासणीची मुदत असते ना, तशी यावरही तारीख कोरलेली असते. ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण दहा वर्षं चालतो. मुदत संपलेला स्पर्धेत चालत नाही. जुनी रायफल विकत घेताना आधी ही तारीख वाचा, नाहीतर स्वस्तातली रायफल महागात पडते.

छर्रे शिशाचे असतात आणि शिसं विषारी. रेंजवर खाणं-पिणं नको. छर्रे तोंडात धरायचे नाहीत. घरी येण्याआधी साबणानं हात-तोंड धुवायचं. सरावाचे कपडे वेगळे धुवा, विशेषतः घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर. आणि रायफल घरी असली की ती कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात. नळी कधीही माणसाकडे नाही, रिकामी असली तरी नाही. नेम धरत नसताना नळीत रंगीत दोरी किंवा झेंडी घालून ठेवतात, म्हणजे आत छर्रा नाही हे कुणालाही लांबून दिसतं.

आता कर्जाचं. परदेशी बनावटीची स्पर्धेची नवी रायफल लाखांच्या घरात जाते. भारतीय बनावटीची पुष्कळ कमी किमतीत येते. पण कर्ज मागताना नुसती रायफलीची किंमत सांगू नका. छर्रे, हवा भरणं, जॅकेट, बूट, प्रवास आणि दुरुस्ती यांचा महिन्याचा खर्च मांडा. म्हैस घेताना आपण पेंडीचा खर्च धरतोच की. माझा सल्ला असा, की आधी क्लबच्या रायफलीवर पोरीचं माप लावून घ्या. सहा महिने वही भरू द्या. त्या वहीत तिचे गुण, तिची मापं आणि रायफल पुसल्याच्या तारखा दिसल्या की गटालाही निर्णय घेणं सोपं जाईल. स्वतःची रायफल घ्यायची वेळ आली की कुठलं मॉडेल तिच्या हाताला बसेल, हेही त्याच वहीतून कळेल.

आणि मैत्रिणींनो, ही कामं बाईमाणसाची नाहीत असं समजू नका. बॉबिन केसचा स्क्रू किती आवळायचा हे ज्या हातांना कळतं, त्या हातांना एलन की काही जड नाही. पोरीबरोबर बसा, तिच्याकडून शिका. या रविवारी रेंजवर जाल तेव्हा प्रशिक्षकांना एवढंच विचारा, "ही रायफल माझ्या मुलीच्या मापाला लावली आहे का?"