तिसरी घंटा झाली की मित्रा पुन्हा जिवंत होते

इअरफोन लावलेत ना? एक आधीच सांगते, पुढे आत्महत्येचा उल्लेख आहे. आज मन ठीक नसेल तर हा एपिसोड नंतर ऐका, तो कुठे पळून जात नाही.

तर, टाइम-लूप. 'ग्राउंडहॉग डे' बघितला असेल, निदान तापसीचा 'लूप लपेटा' तरी. तोच दिवस पुन्हा उजाडतो, माणूस चुका सुधारत जातो आणि एकदाचा सुटतो. आता या लूपमध्ये दोन मुली टाका, एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या. दुसरा चान्स मिळाला तर त्या काय सुधारतील?

मराठीत असा लूप आहे. आपण त्याला नाटक म्हणतो. दादरचं शिवाजी मंदिर घ्या, नाहीतर गिरगावातला साहित्य संघ. तिसरी घंटा होते, पडदा उघडतो आणि कालच्या शोमध्ये मेलेला माणूस आज ताजातवाना उभा! आणि शोला आपला शब्द काय, तर 'प्रयोग'.

अशा लूपमध्ये अडकलीय सुमित्रा देव. नाटक विजय तेंडुलकरांचं, 'मित्राची गोष्ट', १९८१ मध्ये रंगभूमीवर आलेलं. दिग्दर्शक विनय आपटे, सुमित्रा झाल्या रोहिणी हट्टंगडी. (हो, त्याच. १९८२ च्या 'गांधी'मधल्या कस्तुरबा.) काळ स्वातंत्र्याच्या आधीचा, वातावरण कॉलेजचं. सुमित्रा म्हणजे 'मित्रा'. कॉलेजच्या नाटकात तिच्याकडे पुरुषाचं काम येतं, समोर नायिका नमा. नाटक संपतं, मित्राचं प्रेम संपत नाही. नमा एकीकडे मित्रा आणि दुसरीकडे मन्या दळवी यांच्यात ओढली जाते. शेवटी मित्रा जीव देते. दर प्रयोगाला.

आता लूपचा नियम लावून बघा. मित्राला पहिल्या अंकात परत पाठवलं, तर तिने वेगळं काय करायचं? प्रेमच करू नये? मुकाट्याने लग्न करावं? मी कितीही वेळा रिवाइंड केलं, तरी तिची चूक सापडत नाही. सुधारायचंय ते आजूबाजूच्यांना.

आणि त्यातही बापूला. गोष्ट सांगतो तो हा बापू. चांगला मुलगा आहे हो. दोघींना भेटायला स्वतःची खोली देतो. त्या काळात हे काही कमी नाही! पण पुढे तोही दमतो, चिडतो, लांब जातो. मन्यासारख्यांना शिव्या घालणं सोपं आहे. बापू टोचतो, कारण तो आपल्यासारखा आहे.

खोलीवरून आठवलं. लालबाग-परळला दोन मुली एकत्र भाड्याने राहिल्या तर कुणी फारसं वळून बघत नाही. 'मैत्रिणी आहेत', विषय संपला. खरी पंचाईत होते घरून स्थळं यायला लागली की. दर रविवारी तेच कांदेपोहे, तेच 'स्वयंपाक येतो का?' याहून भयंकर टाइम-लूप हॉलिवूडला सुचला नसेल.

बाहेरचं जग हललं, पण अडखळत. १९९८ मध्ये दीपा मेहतांचा 'फायर' लागला. मुंबईत शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांनी थिएटरमध्ये घुसून तो बंद पाडला. सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि १९९९ मध्ये काटछाट न होता परत लागला. त्यातल्या राधा आणि सीता शेवटी जिवंत असतात आणि एकमेकींना भेटतात. मित्रानंतर हे बघताना मला हायसं वाटलं होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ मधून अशा नात्यांना गुन्ह्याबाहेर काढलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाने लग्नाचा हक्क द्यायला मात्र नकार दिला. म्हणजे 'मैत्रिणी' म्हणून खोली मिळेल, पण एक दवाखान्यात असेल तर फॉर्मवर 'नातं' या रकान्यात दुसरीने काय लिहायचं?

मला एक प्रयोग बघायचाय. संवाद तेच, नमा तशीच गोंधळलेली, मन्या तसाच. फक्त मित्रा शेवटची दारात येते तेव्हा बापू म्हणतो, "ये, बस. चहा टाकतो." पुढचं काय, ते मलाही माहीत नाही.

नाटक मिळवून वाचा आणि मला व्हॉइस नोट पाठवा: तुम्ही लूप कुठे तोडला असता? नमापाशी, की बापूपाशी?