प्रेमाचे नियमन आणि मैत्रीचे तत्त्व

प्रेम हे नीतीचे मूळ आहे असे मानण्याची रूढी जुनी असली, तरी त्या प्रेमाला मर्यादा कोणी घालावी आणि कशाच्या आधारे घालावी, हा प्रश्न तिने सुटत नाही. कारण प्रेम स्वभावतःच निवड करते, काहींना आपले म्हणते आणि त्यामुळेच इतरांना परके ठरवते. पाचव्या शतकातील बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात या अडचणीचा बारकाईने विचार केला आहे. मैत्रीचा, म्हणजे प्राणिमात्रांविषयीच्या हितबुद्धीचा, दूरचा शत्रू व्यापाद म्हणजे द्वेष, तर जवळचा शत्रू राग म्हणजे आसक्ती. आसक्तीला जवळचा शत्रू म्हणायचे ते ती मैत्रीसारखीच दिसते म्हणून. साधक, त्याचा प्रियजन, एक तटस्थ मनुष्य आणि एक वैरी असे चौघे बसले असता दरोडेखोरांनी त्यांतील एकाला बळीसाठी मागितले, तर साधकाने वैऱ्याला पुढे करणे चूकच. पण त्याने स्वतःला पुढे केले तरीही आपल्या-परक्याची सीमा मोडली असे बुद्धघोष मानत नाही. ही अट कठोर आहे, आणि तिच्या कठोरपणातच तिचे मोल आहे.

भंडारा जिल्ह्याला हा विचार परका नाही. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननात जो प्राचीन स्तूप उजेडात आला, त्याच्या दानलेखांपैकी एकात सर्व सत्त्वांच्या सुखाची कामना कोरलेली आहे. आधुनिक काळात, १९५४ मध्ये याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवून पराभूत झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रेम पुरेसे नाही, मैत्री हवी, अशी भूमिका घेतली.

म्हणून नियमन हवे ते प्रथम त्या आपलेपणाचे, जो कुळ, जात आणि गावकी यांच्या रूपाने स्वतःलाच नीती समजतो. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने ठार मारले. त्या गावातही माणसे आपापल्या लेकरांवर जीव लावतच होती, आणि त्या मायेने कोणाचाही हात आवरला नाही, हे या जिल्ह्यात प्रेमाची चर्चा करणाऱ्याला टाळता येणार नाही.

दोन सज्ञान व्यक्तींच्या प्रेमाला मात्र वेगळा न्याय लागतो. तेथे मैत्रीची मागणी प्रेम करणाऱ्यांकडेच असते: प्रिय व्यक्तीचे हित तिच्या स्वातंत्र्यासह इच्छावे आणि तिचा नकार हाही तिचाच अधिकार मानावा. बाहेरच्यांचा अधिकार मर्यादित असावा, हे तत्त्व १९५४ च्याच विशेष विवाह कायद्याने बऱ्याच अंशी स्वीकारले. धर्म न सोडता आंतरधर्मीय विवाह त्याने शक्य केला. वय, संमती, आधीचा विवाह, निषिद्ध नाते अशा कायदेशीर अटींपुरताच आक्षेपाला वाव ठेवला, आणि आईवडिलांची नापसंती त्या अटींत घातली नाही. तथापि त्याच कायद्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीस आक्षेपासाठी असली, तरी दबाव आणू पाहणाऱ्या नातलगांच्या हाती ती आयती माहिती आणि पुरेसा अवधी देते. म्हणून ती रद्द होणे न्याय्य आहे.