चार अक्षरांची पाटी



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलतात. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या गेटवर झाले. म्हणून विषयही तेथलाच घेतला आहे : यंत्राच्या पाटीवर उजेडाने उमटणारी अक्षरे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात प्रेसवर काम करणाऱ्या आमच्या सभासदाची दोन बोटे गेली. चौकशीत व्यवस्थापन म्हणाले, "यंत्राने सूचना दिली होती." दिली होती, हे खरे. पाटीवर चार रोमन अक्षरांचा संकेत पेटला होता. पण त्याचा अर्थ सांगणारे इंग्रजी पुस्तक कपाटात कुलपाआड होते! त्या रात्री आम्ही ठरविले, ही पाटी बोलते कशी ते शिकावयाचेच.

युनियनच्या कचेरीत आयटीआयची दोन मुले येत. हौशी लोक वापरतात तसले चार अक्षरांचे एलईडी मॉड्यूल त्यांनी आणले. पहिल्याच दिवशी आम्ही एक सुटा एलईडी पाच व्होल्टला सरळ जोडला आणि जाळला. तांबड्या एलईडीला सुमारे दोन व्होल्ट पुरतात. उरलेले तीन झेलावयास दीडशे ओमचा रोधक लावला, की वीस मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि दिवा टिकतो. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये तयार केला. ते एका खाणकामगाराचे चिरंजीव, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगितले.

आता पाटीची रचना पाहा. आकडे सात रेघांत बसतात. पण तिरप्या रेघांची रोमन अक्षरे बसत नाहीत, म्हणून चौदा रेघा लागतात. चार अक्षरांच्या छप्पन्न झाल्या. प्रत्येकीला वेगळी तार दिली तर तारांचे रान माजेल. म्हणून चारही अक्षरांतल्या सारख्या रेघा एकाच तारेवर जोडतात : चौदा तारा रेघांच्या, चार अक्षरांच्या, एकूण अठरा. एका वेळी एकच अक्षर पेटते. पण पाळी इतक्या झपाट्याने फिरते की डोळ्यांना चारही एकदम दिसतात. पाळ्या सांभाळणारी चकती मॉड्यूलवरच असते. बाहेरून दोन तारा विजेच्या आणि दोन निरोपाच्या, एवढ्यावर काम भागते.

मग मुलांनी विचारले, "दादा, यात 'थांबा' लिहू या की!" लिहिता येईना. चौदा रेघांत शिरोरेघेखाली काना, वर अनुस्वार कोठून बसणार? ती चौकट रोमन लिपीच्या मापाने बेतलेली. तेव्हा रेघा सोडून ठिपके घेतले. आठ बाय आठ ठिपक्यांची आठ मॉड्यूले, चार वर आणि चार खाली; पाचशेबारा ठिपके. कागदावर चौकोन आखून अक्षर भरले आणि संध्याकाळी कचेरीत तांबड्या उजेडात 'थांबा' झळकले. बोटे गमावलेला तो सभासद समोर बसला होता. तो एवढेच म्हणाला, "हे तेव्हा पाहिजे होते."

मंडळी, एक मागणी पुढच्या करारात आम्ही लिहून घेतली : प्रत्येक यंत्रावरची धोक्याची सूचना तेथल्या कामगाराच्या भाषेत हवी. खर्चाची सबब पुढे आली, तेव्हा आमची पाटी टेबलावर ठेवली. शाळा सोडलेल्या पोरांना जे जमते, ते कारखान्याला न जमावे?

यंत्राने सांगितले, एवढ्याने भागत नाही. ऐकणाऱ्याला कळले, तरच ती सूचना.