सापाच्या तोंडचा घास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



उंदराशी आपलं नातं फार जुनं आणि फार भांडणाचं आहे. गणपतीच्या पायाशी बसला की आपण त्याला हात जोडतो, आणि तोच स्वयंपाकघरात दिसला की झाडू घेऊन मागे धावतो. धान्याचं पोतं कुरतडणारा, कपाटातली कागदपत्रं फस्त करणारा, प्लेगच्या आठवणीनं आजही अंगावर काटा आणणारा असा हा प्राणी. आज मात्र मी त्याच्याकडे वेगळ्या बाजूनं पाहणार आहे. उंदीर हे कुणाचं तरी अन्न आहे. आणि जे अन्न आहे ते ताजं, निर्धोक, चांगलं असावं की नाही?

कवितेत रमणाऱ्या माणसाला हा विषय कुठून सुचला, असं तुम्ही म्हणाल. माझी मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात राहते. तिच्या अकरा वर्षांच्या मुलानं, म्हणजे माझ्या नातवानं, एक साप पाळला आहे. 'कॉर्न स्नेक' म्हणतात त्याला. कॉर्न म्हणजे मका. मक्याच्या कोठारात उंदरांमागे येतो म्हणून हे नाव पडलं असं काही जण सांगतात, तर काहींच्या मते त्याच्या पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून. बिनविषारी, शांत, तिकडच्याच मातीतला साप.

इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर हे भाषण ऐकून एखादा उत्साही मुलगा धामण धरायला निघेल. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं इथले साप पकडून घरात ठेवणं गुन्हा आहे. 2022 साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आंतरराष्ट्रीय करारात संरक्षण मिळालेल्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांवरही नोंदणीचं बंधन आलं. तेव्हा हा छंद आपला नव्हे. पण त्या छंदातून जे शिकायला मिळतं, ते आपल्याही कामाचं आहे.

साप दूध पीत नाही, हे आपल्या सर्पमित्रांनी नागपंचमीच्या निमित्तानं इतक्यांदा सांगितलंय की मी पुन्हा सांगत नाही. त्याला लागतो अख्खा जीव. नुसतं मांस देऊन भागत नाही. उंदराच्या हाडांतून त्याला कॅल्शियम मिळतं, यकृतातून जीवनसत्त्वं मिळतात. म्हणजे एक अख्खा उंदीर हे सापाचं पूर्ण ताट. भात, वरण, भाजी, कोशिंबीर सगळं त्यातच. साहजिकच उंदीर जे खाऊन वाढला, ते सापाच्या अंगी लागतं. उकिरड्यावरच्या उष्ट्यावर वाढलेला उंदीर वेगळा आणि नीट दाणा-पाणी मिळालेला वेगळा.

म्हणून तिकडे सापांसाठी मुद्दाम उंदीर वाढवतात, मारतात, गोठवतात आणि पाकिटात घालून विकतात. पाकिटांवर आकारानुसार नावं असतात. नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं गुलाबी पिल्लू म्हणजे 'पिंकी'. मऊ लव फुटली की 'फझी'. डोळे उघडून टुणटुण उड्या मारायला लागला की 'हॉपर'. मग पूर्ण वाढलेला उंदीर. सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग पाहायचा आणि तेवढ्याच, फार तर दीडपट जाडीचा उंदीर निवडायचा, हा साधा हिशोब. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग लवचीक धाग्यानं जोडलेले असतात, म्हणून तो डोक्यापेक्षा मोठा घास गिळतो. पण जबड्यातून गेलेलं सगळं पोटाला झेपतंच असं नाही. फार मोठा घास साप उलटून टाकतो.

पाकीट घेताना काय पाहायचं, हे माझा नातू आता एखाद्या मुरलेल्या गिऱ्हाइकासारखं सांगतो. आत बर्फाचे खडे साचलेले नकोत. ते असले म्हणजे माल एकदा वितळून पुन्हा गोठला असण्याची शंका. केस स्वच्छ हवेत. पोट फुटलेलं किंवा हिरवट पडलेलं नको. कातडी वाळून पिवळी पडलेली नको. पाकिटावर तारीख हवी, आणि माल शक्यतो सहा महिन्यांत संपवायला हवा. मासे घेताना आपली आई कल्ले उचलून पाहायची, तसंच हे. पिलावळ देऊन थकलेले म्हातारे, लठ्ठ उंदीर स्वस्तात मिळतात. त्यांत चरबी फार. आणि दुकानदाराला विचारायचं, हे वाढले कुठे, खात काय होते, मारले कसे? उत्तर द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून घ्यायचं नाही.

जिवंत उंदीर का देत नाहीत? पुष्कळांना वाटतं, तेच नैसर्गिक. पण जंगलात उंदराला पळायला वाट असते, काचेच्या पेटीत नसते. कोपऱ्यात सापडलेला उंदीर चावतो. सापाचे डोळे फुटल्याची, पाठीचं मांस कुरतडल्याची उदाहरणं पशुवैद्यांना चांगली ठाऊक आहेत. ब्रिटनमध्ये तर जिवंत उंदीर देण्याची पद्धत जवळपास राहिलेलीच नाही.

या टप्प्यावर माझ्या नातवानं फोनवर एक प्रश्न विचारला. "नाना, सापाला भूक लागते हे खरं. पण उंदरानं काय केलंय?"

मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग त्याला आमच्या घरातली एक रीत सांगितली. बकरी ईदच्या दिवशी माझे वडील फार दक्ष असायचे. जनावराला आधी पाणी पाजायचं. सुरी धारदारच हवी, पण ती जनावरासमोर परजायची नाही. एका जनावरासमोर दुसऱ्याला कापायचं नाही. लहानपणी मला तो नुसता नियम वाटायचा. पुढे कळलं की जीव घेण्याची वेळ आलीच, तर घेणाऱ्यावर केवढी जबाबदारी येते, हे त्यात सांगितलं आहे. सापाला निवड नाही, बाळा, असं मी त्याला म्हणालो. गवत खाऊन तो जगू शकत नाही. निवड आहे ती तुला. तो उंदीर कसा जगला आणि कसा मेला, एवढं तरी तुझ्या हातात आहे.

मारण्याच्या पद्धतीचाही तिकडे बारकाईनं विचार होतो. चांगले उत्पादक बंद पेटीत कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू सोडून उंदरांना आधी बेशुद्ध करतात. नवजात पिलं कमी प्राणवायूत जास्त वेळ तग धरतात, म्हणून त्यांच्या बाबतीत वेळ वाढवावा लागतो. या वायूनं उंदराला किती त्रास होतो, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. वाद आहे हेच मला बरं वाटलं. उंदराच्या वेदनेवर शहाणी माणसं भांडत आहेत!

माझ्या मुलीची काळजी मात्र वेगळी होती. तिच्या घरात दोन वर्षांची चिमुरडी आहे, आणि फ्रीजरमध्ये खिमा आणि मटार. तिथंच उंदरांचं पाकीट? तिची काळजी रास्त होती. उंदरांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात आणि गोठवल्यानं ते मरत नाहीत. 2010 साली अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गोठवलेल्या उंदरांपासून माणसं आजारी पडली, विकलेला माल परत मागवावा लागला. 2014 साली अमेरिकेत पुन्हा अशा उंदरांपासून माणसं आजारी पडली. जिवंत मोठ्या उंदरांची गोष्ट आणखी निराळी. 2017 साली तिथल्या 11 राज्यांत पाळीव उंदरांमधून सोल नावाचा विषाणू पसरला आणि 17 जणांना त्याची लागण झाली.

यावर उपाय साधेच आहेत, पण ते रोज पाळावे लागतात. उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीजर, तोही स्वयंपाकघराबाहेर. उंदीर मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करायचा नाही. रात्रभर थंडाव्यात वितळू द्यायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा आणि लांब चिमट्यानं सापापुढे धरायचा. उरलेला पुन्हा गोठवायचा नाही. भांडी वेगळी. हात साबणानं धुवायचे. पाच वर्षांखालच्या मुलानं उंदरालाही हात लावायचा नाही आणि सापालाही. गॅरेजमध्ये वेगळा फ्रीजर आला, तेव्हा कुठे मुलीच्या जिवात जीव आला.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, तिकडे उंदराला पाकीट आहे, तारीख आहे, स्वतंत्र फ्रीजर आहे. आपल्याला त्याचं काय?

श्रोतेहो, आपल्या बांधावरच्या धामणीला पाकीट कुणी आणून देत नाही. ती स्वतःचा घास स्वतः शोधते. पण तो घास कसा असेल, हे बऱ्याच अंशी आपणच ठरवतो. उंदरांसाठी आपण ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाच्या वड्या ठेवतो. ती वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठण्याची क्रियाच बंद पडते, आणि तो काही दिवस मंदावून, अडखळत हिंडतो. मंदावलेलं भक्ष्य शिकाऱ्याला आयतंच सापडतं. विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं, ते घुबडाच्या पोटात जातं, सापाच्या पोटात जातं. अशा विषानं घुबडं मेल्याचं अनेक देशांत आढळलं आहे. ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या परिसरातल्या सापांच्या शरीरातही ही विषं सापडली आहेत. म्हणजे उंदरांचा फडशा पाडणाऱ्या फुकटच्या राखणदारांच्याच ताटात आपण विष वाढतो.

विष कधीच वापरू नका, असं मी म्हणणार नाही. ज्याचं उभं पीक उंदीर कापून नेतात, त्याला शहरात बसून उपदेश करणं सोपं आहे. पण घरात पिंजऱ्यानं भागत असेल तर वडी कशाला? धान्याचा डबा घट्ट बंद असेल, भिंतीतली भोकं बुजवलेली असतील, उष्टं उघड्यावर पडलेलं नसेल, तर निम्मं काम तिथंच झालं. आणि वडी ठेवलीच, तर मेलेला उंदीर शेपटीला धरून कंपाउंडच्या पलीकडे भिरकावू नका. हातमोजे घाला, खड्डा खणा आणि खोल पुरा. दहा मिनिटांचं काम आहे.

अकरा वर्षांचा मुलगा आपल्या सापाला घास देण्यापूर्वी तो घास कुठून आला, काय खाऊन वाढला, हे विचारतो. आपल्या शिवारातल्या धामणीला तोंड आहे, पण हा प्रश्न तिला विचारता येत नाही. तो तिच्या वतीनं आपण विचारायचा आहे.